पडवी, पाऊस आणि बाबाचा दीड तास

या वेळची पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. परदेशातून मुलाबाळांसह पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात यायचं, मुलांनाही वेळ द्यायचा आणि चित्रंही काढायची, हे जमवायचं कसं? निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही डॅलसला असतो. तिथल्या शाळा मेअखेरीस सुटतात, म्हणून जूनचे पाच आठवडे गुहागरजवळच्या घरी येतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. मी जलरंगात काम करतो. दर वर्षी बॅगभर सामान आणतो आणि दोन अर्धवट चित्रं घेऊन परत जातो. मुलंही नाराज. वेळ बसवायचा कसा?

पहिला आठवडा चित्राचं नावच काढू नका. डॅलस आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो आणि शरीर दिवसाला जेमतेम एखादा तास सरकतं. मुलं रात्री दोनला टक्क जागी होतील. तेव्हा त्यांच्याजवळ तुम्ही बसा, बायकोला झोपू द्या. शेवटचे तीन दिवस बांधाबांधीचे. मधले साधारण पंचवीस दिवस उरतात. त्यातला रोज दीड तास तुमचा, आणि तोही ठरलेला : सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर जेवणानंतर धाकटा झोपला की. दोन्हींपैकी एकच धरा आणि घरात सगळ्यांना सांगून टाका. न सांगता चोरून काढलेला तास कोणीही मोडतं, आणि मोडला की राग मुलांवर निघतो.

चित्रं अर्धवट राहतात ती बहुधा कागद मोठा घेतल्यामुळे. १५ × २२ इंचांचा अर्धा शीट दीड तासात होत नाही. दुसऱ्या दिवशी प्रकाश वेगळा, मन वेगळं. ११ × १५ इंचांचा पाव शीट घ्या. रेखाटन वीस मिनिटं, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, पंधरा मिनिटं, आणि पावसाळी हवेत तो सुकायला अर्धा-पाऊण तास. हा वाळण्याचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून शेजारी दुसरं चित्र लावून ठेवा आणि आलटून पालटून काम करा.

आता अवघड भाग. बाबा चित्र काढतोय म्हणजे आजी मुलांमागे धावतेय, असं आपल्या घरांत सहज होतं आणि कोणी बोलूनही दाखवत नाही. सकाळची वेळ घेतलीत तर साडेसातनंतरच्या आंघोळी, नाश्ता आणि केस विंचरणं तुमच्याकडे. बायकोलाही रोज तेवढाच, कोणी हाक न मारणारा दीड तास हवा. संध्याकाळी मुलांबरोबर असताना खिशात वही ठेवू नका. एक डोळा होडीवर आणि एक पोरावर असला की दोन्ही हातचं जातं, आणि मुलांना ते लगेच कळतं.

बसायची जागा निवडतानाही एक चकवा आहे. चित्रकार सवयीने उत्तरेचा प्रकाश शोधतात, कारण एरवी तिकडून थेट ऊन येत नाही. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत गुहागर-रत्नागिरीकडे सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातून जातो. या दिवसांत ढग फाटले की ऊन उत्तरेच्या पडवीत येतं. दक्षिणेची पडवी मिळाली तर तिथे बसा, प्रकाश स्थिर राहतो.

प्रश्न : मागच्या वर्षी इथे कागदावर रंग पसरेना. ठिपके ठिपके पडून आत शोषला जायचा. कागद तर चांगला ३०० ग्रॅमचा, सुती होता. रंगाच्या वड्यांवर बुरशीही आली.

कागद चांगलाच असेल, त्याचं सायझिंग गेलं. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचा किंवा तशाच पदार्थाचा हात दिलेला असतो, त्यामुळे पाणी काही वेळ वर थांबतं. दमट हवेत महिनोन् महिने पडलेल्या कागदावर बुरशीचे सूक्ष्म कण तो थर खातात. डोळ्यांना काही दिसत नाही, पाणी लागल्यावरच समजतं. कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहा. मिनिटभर फुगून राहिला तर कागद शाबूत. लगेच आत जाऊन गडद डाग पडला तर त्यावर जलरंग घालवू नका.

असा कागद कोळशाला किंवा ॲक्रिलिकला चालतो. वाचवायचाच असेल तर पाव लिटर पाण्यात ५ ग्रॅम साधं, बिनचवीचं जिलेटिन घ्या. थोड्या गार पाण्यात ते दहा मिनिटं फुगू द्या, मग उरलेलं कोमट पाणी घालून विरघळवा. उकळू नका, पकड जाते. रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ हात देऊन दोरीवर टांगा. जिलेटिन प्राणिज असतं, तेव्हा घरच्या पातेल्यात ते करू नका. वेगळं भांडं घ्या आणि घरात आधी विचारा. सायझिंग केलेला कागद त्याच सुट्टीत संपवा, नाहीतर कसर लागते.

नवा कागद पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलसकट ठेवा. जेलचा रंग बदलला की ते जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. ओलसर चित्र मात्र कधीही पिशवीत बंद करू नका. तळहाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. गार लागलं तर आत ओल आहे. चुलीवर टांगून सुकवण्याचा मोह टाळा, धुराने कागद पिवळा पडतो.

कागदाच्या कडा फळीला धरून ठेवणारी मास्किंग टेप काम संपल्यावर त्याच दिवशी, कागदाशी तिरकी धरून हळू काढा. उकाड्यात तिचा गोंद कागदाला धरतो आणि दुसऱ्या दिवशी कागदच सोलून येतो. ट्यूबमधला रंग इथे येऊन वड्यांच्या साच्यांत भरू नका, तो पावसात वाळतच नाही. तिकडूनच वाळवून आणा. डबी बंद करण्याआधी तासभर पंख्याखाली उघडी ठेवा. बुरशी आलीच तर ओल्या टिश्यूने वरचा थर पुसून टाका, खालचा रंग वापरता येतो. मध घातलेले रंग असतील तर मुंग्यांसाठी डबी पाण्याच्या ताटलीत वाटी उपडी घालून तिच्यावर ठेवा.

प्रश्न : मुलांना माझ्याच रंगांनी काढायचं असतं. द्यावेत का?

तुमची पॅलेट नको. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात, आणि चार वर्षांचं मूल ब्रश तोंडात घालणारच. त्यांना कार्ट्रिज पेपर (चित्रकलेच्या वहीतला साधा जाडसर कागद), एक इंची ब्रश आणि स्वतःचे रंग द्या. रंग घरीच करता येतात. जांभ्याची तांबडी माती सुकवून सुती कापडातून चाळा. बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळा. दोन चमचे मातीला एक चमचा डिंकपाणी घालून घोटा, दाट वाटलं तर थोडं साधं पाणी. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडे जातात. चुलीतला कोळसा वाटून काळा होतो. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उजेडात उडतो, हे मुलीला आधी सांगून ठेवा. आमसुलं भिजवलेल्या लाल पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की रंग डोळ्यांदेखत बदलतो. ही गंमत दोघांनाही पुरते.

काजूच्या ओल्या बीच्या टरफलातला चीक आणि बिब्बा यांना मात्र हात लावू देऊ नका. कातडी भाजते, फोड येतात.

हे सगळं मुलांच्या वेळेत करा. तो तुमचा दीड तास नाही. धाकटा दहा-पंधरा मिनिटांत उठेल, उठू द्या. ज्यांना मुलांमध्ये बसून स्वतःचं काही करायचंच आहे त्यांनी शाई आणि बोरू घ्यावा. मध्येच उठावं लागलं तरी रेघ बिघडत नाही, वॉश बिघडतो.

प्रश्न : समुद्रावर मुलांना घेऊन चित्र काढायला जावं का?

कागदाकडे पाहणारा माणूस पाण्याकडे पाहू शकत नाही. दुसरं मोठं माणूस फक्त मुलांवर लक्ष ठेवायला असेल, तरच जा. जूनमध्ये पाण्यात पाय घालायचा प्रश्नच नाही. वेळ तिथीवरून काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर असतं, भांगाचं, म्हणजे कमी जोराच्या भरतीचं असलं तरी पुळण (वाळूचा किनारा) अरुंद होते. पुनवेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास उधाण, संध्याकाळी सहाला ओहोटी. बसायला तीच संध्याकाळ बरी. मागच्या भरतीने कचऱ्याची रेघ सोडलेली असते, तिच्या बऱ्याच वर, सुरूच्या बनाच्या बाजूला बसा. शेवाळलेल्या कातळावर नको, तिथे कालवांच्या कडांनी पाय कापतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. हलत नाहीत, रोज तिथेच सापडतात, शिकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला याहून चांगला विषय नाही. पाणी घरून विहिरीचं न्या. समुद्राचं पाणी रंगात घेतलं तर मीठ कागदात राहतं आणि हवेतली ओल ओढत राहतं, चित्र कायम दमट.

प्रश्न : परत नेताना?

पूर्ण सुकलेली चित्रं मध्ये बटर पेपर घालून दोन पुठ्ठ्यांत बांधा आणि सुटकेसच्या मधोमध, कपड्यांच्या थरांत ठेवा. पाव शीट त्यात सपाट मावतो. टर्पेंटाइन आणि कोळशावर मारायचा फिक्सेटिव्हचा स्प्रे विमानात चालत नाही, तो इथेच कोणा चित्रकाराला देऊन टाका. तैलरंगाची ताजी चित्रं आणूही नका नि नेऊही नका. पाच आठवड्यांत ती वरून सुकल्यासारखी दिसतात आणि पुठ्ठ्याला चिकटतात.