काराव्हाज्जोचा कवडसा

प्रश्न : काराव्हाज्जो या बंडखोर चित्रकाराच्या आयुष्यावर आम्ही मित्र वीस मिनिटांचा लघुपट करतोय. महाल भागातल्या जुन्या वाड्यात खोली मिळाली, दोन एलईडी पॅनल आहेत. पण त्याच्या चित्रांतला काळोख येतच नाही, सगळं राखाडी दिसतं. चित्र काढतानाचे प्रसंगही खोटे वाटतात.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी दुसरा दिवा बंद करा. उरलेला दोष चुन्याच्या भिंतींचा आणि ऑटो मोडचा. अंधार दिसला की कॅमेरा तो उजळायला धावतो. मॅन्युअलवर जाऊन एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) उजळ गालावर धरा, शटर १/५० सेकंद ठेवा; आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ला स्वस्त दिवे पट्टे मारतात. दिवा नटापासून ३ फुटांवर आणि मागची भिंत नटापासून ६ फूट लांब असली, की भिंतीवर चेहऱ्याच्या एक नवमांशच उजेड पडतो. बाजूच्या भिंतींवर काळं सुती कापड टांगा. सॅटिन नको, चमकतं.

वाडा कौलारू असेल तर याहून सरस सोय आहे. १६०५ साली रोममधल्या घरमालकिणीने काराव्हाज्जोवर थकलेल्या भाड्यासाठी आणि फोडलेल्या छतासाठी दावा लावला होता. वरून उजेड घ्यायलाच त्याने ते फोडलं असावं, असं अभ्यासक मानतात. तुम्ही दोन कौलं काढा, पण मालकांना विचारून! मे महिन्यात भर दुपारचं ऊन सरळ टाळूवर येतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात; सकाळी नऊला किंवा दुपारी साडेतीनला ते साधारण ४५ अंशांत उतरतं. पंधरा मिनिटांत कवडसा फूटभर सरकतो, तेव्हा तालीम आधीच उरका. टेकपुरता कूलर बंद, नाहीतर संवादांत घरघर. धुपाचा धूर बेतानेच, जास्त झाला की पुन्हा राखाडी.

नटाच्या हातातली पेन्सिल काढून घ्या. काराव्हाज्जोचं एकही सुटं रेखाटन सापडलेलं नाही. कॅनव्हासच्या ओल्या अस्तरावर तो टोकदार वस्तूने खुणा ओरखडायचा. कॅनव्हासही पांढरा नको, बर्न्ट अंबर या गडद तपकिरी अॅक्रिलिकचे दोन हात मारा. रंगाच्या ट्यूब १८४१ नंतरच्या, म्हणून रंग वाट्यांत. ओला रंग चमकला तर कॅनव्हासची वरची कड बोटभर पुढे झुकवा.

तलवारबाजी लांबवू नका. काराव्हाज्जोने १६०६ साली केलेला खून एका प्रसंगात उरकतो. खरं बंड पायांत आहे : ‘लोरेटोची मॅडोना’ या चित्रात मेरीमातेपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे त्याने थेट बघणाऱ्याच्या नाकासमोर आणले. मॉडेल झालेल्या नटाचे पाय धुतलेले दिसले की सगळं फसलं. मेकअप नको, सकाळीच अंगणात अनवाणी फिरवा त्याला, नंतर फरशी तापते.