खोली प्रसन्न कशी असेल?

प्रश्न असा आला आहे : ‘खोली प्रसन्न आहे’, ‘सकाळ प्रसन्न आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. पण प्रसन्न होतो तो माणूस, नाहीतर देव. मग खोलीला ‘प्रसन्न करणारी’ म्हणायला नको का?

नको. शब्द मुळात आनंदाचा नाहीच, नितळपणाचा आहे. ‘सद्’ म्हणजे बसणे. त्याला ‘प्र’ लागून ‘प्रसन्न’. संस्कृतात पाणीही प्रसन्न होतं, म्हणजे गाळ खाली बसून वरचं पाणी स्वच्छ होतं. मराठीत आपण त्याला ‘निवळलं’ म्हणतो. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घालत, त्या फळाला मनुस्मृतीत ‘अंबुप्रसादक’ म्हटलंय : पाणी प्रसन्न करणारं. (श्लोकाचा रोख मात्र वेगळा आहे. निवळीचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही, असं त्यात बजावलंय.) काव्यातला ‘प्रसाद’ गुण, म्हणजे वाचताच अर्थ स्वच्छ कळणं, त्याच धातूचा, आणि ‘विषण्ण’सुद्धा, तिथे उपसर्ग तेवढा बदलला.

म्हणूनच ‘प्रसन्न’ आणि ‘आनंदी’ यांची अदलाबदल होत नाही. घारापुरीच्या लेण्यातल्या तीन मुखांच्या शिवमूर्तीचा मधला चेहरा बघा. डोळे मिटलेले, हसू जवळजवळ नाहीच. त्याला आनंदी म्हणणं विचित्र वाटेल, ‘प्रसन्न’ मात्र चपखल बसतं.

‘सुंदर’, ‘भव्य’ हेही वेगळेच. सीएसएमटीची इमारत १८८८ साली पुरी झाली. ती देखणी आहे, भव्य आहे, पण संध्याकाळी सहाला तिला प्रसन्न म्हणणारा मुंबईकर मला भेटलेला नाही. ओव्हल मैदानात उभं राहिलं की फरक चांगला कळतो. पूर्वेला राजाबाई टॉवर, हायकोर्ट : उंच, टोकदार, कोरीव. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती : गोलसर बाल्कन्या, पुढे आलेले छज्जे, फिके रंग. २०१८ साली युनेस्कोच्या वारसायादीत दोन्ही बाजू एकत्रच गेल्या. पूर्वेकडच्या इमारतींनी मान वर होते, पश्चिमेकडच्यांनी डोळे निवतात. ‘प्रसन्न’ हे विशेषण मी पश्चिमेला देईन. कोणी भांडायला आलं तर भांडू. आणि त्याला पैसाच लागतो असंही नाही. चाळीतली दहा बाय बाराची खोलीसुद्धा प्रसन्न असते, पसारा नसला आणि खिडकीतून उजेड येत असला की झालं.

खरी गंमत आहे ती ‘इथे प्रसन्न वाटतं’ या वाक्यात. प्रसन्न कोण, जागा की मी? वाक्यात कर्ताच नाही. ‘गार वाटतं’, ‘मोकळं वाटतं’ हीसुद्धा तशीच वाक्यं. सौंदर्य वस्तूत असतं की पाहणाऱ्याच्या मनात, यावर पंडितांनी कितीही वाद घालावा, मराठीने तो प्रश्न उघडाच ठेवला आहे. जागा निवळलेली असली की मनही निवळतं, आणि दोघांना शब्द एकच. चित्रप्रदर्शनातून बाहेर पडणारा माणूस ‘प्रसन्न वाटलं’ म्हणतो, तेव्हा तो चित्रांबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल, हे त्यालाही सांगता यायचं नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

तेव्हा ‘प्रसन्न खोली’ बिनदिक्कत लिहा. ‘देवाला प्रसन्न करणे’ हा प्रयोग वेगळा, तिथे मनधरणी आहे. टाळायचंच असेल तर जाहिरातींतलं ‘प्रसन्नमय वातावरण’ टाळा. ‘मय’ नामाला लागतो; ‘प्रसन्न’ विशेषण आहे, त्याला त्या शेपटाची गरज नाही.