अमळनेरला राहून परदेशातल्या फ्युशिया सोसायटीचं सभासद होण्यात अर्थ आहे का?

ताई, उटीला फ्युशियाची लटकती फुलं पाहिल्यापासून अमळनेरच्या गच्चीवर ती लावायचं तुमच्या मनात आहे. परदेशातल्या एखाद्या फ्युशिया सोसायटीची वर्गणी भरावी की ते पैसे वाया जातील, असं तुम्ही विचारलंय. मी भुसावळचा, आणि सहा वर्षांपासून अशाच एका सोसायटीचा सभासद आहे. जरूर व्हा. फक्त रोपं मिळतील या आशेने होऊ नका.

रोपांचं आधी सांगून टाकतो. तिकडून पाकिटात घालून छाट (लावायला कापलेल्या कोवळ्या फांद्या) मागवता येत नाहीत. 2003 च्या केंद्राच्या आदेशानुसार आयात परवाना लागतो, आणि ज्या देशातून रोप येतं तिथलं आरोग्य प्रमाणपत्रही. हा नियम मला पटतो. फ्युशियाला गाठी आणणारा एक कोळी (माइट) आहे, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, 1981 मध्ये कॅलिफोर्नियात सापडला आणि 2007 मध्ये इंग्लंडात. शेंडे सुजून वेडेवाकडे होतात आणि फुलणं थांबतं. म्हणून कुणी प्रेमाने ‘टपालाने पाठवतो’ म्हणालं तरी नको म्हणा. रोप इथल्याच नर्सरीतून घ्या.

मग वर्गणी कशासाठी? विचारायला माणसं मिळतात, त्यासाठी.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात दुपारी झाड मान टाकायचं. मी तांब्याभर पाणी घालायचो, ते आणखी मान टाकायचं, मी आणखी घालायचो. पंधरा दिवसांत खोड बुडाशी काळं पडलं. सोसायटीच्या एका आजींना पत्र लिहिलं. त्यांनी उलट विचारलं, ‘पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहिलंत का?’ माती ओलीच होती. कडक उन्हात पानं जेवढं पाणी उडवतात तेवढं मुळांना पुरवता येत नाही, म्हणून ओल असूनही झाड झोपतं. तेव्हा हवी असते सावली. आपण पाणी ओततो आणि मुळं कुजवतो. माती ओली असेल तर झाड आडोशाला न्यायचं आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. एवढंच, पण तोवर माझी चार झाडं गेली होती.

दुसरी अडचण हिवाळ्यातली, आणि ती कुणी सांगितल्याशिवाय मला कधीच उमगली नसती. डिसेंबरात भुसावळला छान थंडी, झाडं हिरवीगार, शेंडे खुडून खुडून भरदार केलेली, आणि कळी मात्र एक नाही. सोसायटीतून उत्तर आलं की थंडीचा दोष नाही, दिवसाचा आहे. फ्युशियाच्या बऱ्याच जातींना कळी धरायला बारा तासांहून मोठा दिवस लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस असतो जेमतेम अकरा तासांचा. तिकडच्या उन्हाळ्यात तो पंधरा-सोळा तासांवर जातो. म्हणजे आपला उन्हाळा झाडाला सोसत नाही आणि आपला हिवाळा त्याला आखूड पडतो. मी ओसरीत झाडांवर एक साधा एलईडी दिवा टांगला आणि संध्याकाळी सहा ते दहा लावत गेलो. फेब्रुवारीत पानांच्या बेचक्यांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या, दोऱ्याला बांधून सोडल्यासारख्या.

त्यातली पहिली कळी उमलताना मी शेजारी बसून होतो. बाहेरच्या चार लाल पाकळ्या आधी वर उलटल्या, आतला घोळ हळूहळू खाली सुटला, आणि त्यातून आठ पुंकेसर आणि त्यांच्याहून लांब एक जायांग खाली लोंबलं. साडीच्या दुकानात आपण ज्याला राणी कलर म्हणतो, तोच तो रंग. दोन दिवसांनी एक शिंजीर येऊन फुलाखाली फडफडला. या फुलाच्या मूळ देशात हे काम हमिंगबर्ड करतो.

सोसायटी कोणती घ्यावी? अमेरिकन फ्युशिया सोसायटी 1929 ची, ब्रिटिश 1938 ची. जगभरातल्या नव्या जातींच्या नावांची नोंद 1967 पासून अमेरिकन सोसायटी ठेवते. वर्गणी भरण्याआधी दोनच गोष्टी विचारून घ्या: सोसायटीच्या मासिकाचा अंक ईमेलने येतो का, आणि परदेशी सभासदाच्या पत्राला उत्तर कोण देतं. रंगीत अंक दारात आला नाही तरी चालेल, उत्तर देणारं माणूस हवं.

पहिल्या पत्रात फ्युशियाच्या ट्रायफिला गटाबद्दल विचारा. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच संन्याशाने कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर जी फ्युशिया पाहिली ती ट्रायफिलाच. 1703 मध्ये त्याने तिचं वर्णन छापलं आणि लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाचं नाव तिला दिलं. तिच्या संकरातून आलेल्या जाती इतरांपेक्षा उष्मा बऱ्या सोसतात. 1905 ची ‘गार्टनमाइस्टर बोनस्टेट’ त्यातलीच, लांब नळीसारखी केशरी-लाल फुलं. फूल दिसायला साधं आहे, पण आपल्याकडे सुरुवात त्यानेच करावी असं माझं ठाम मत आहे.

बाकी थोडक्यात. कुंडीत आपली काळी माती अजिबात नको, पाणी धरून बसते. पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट आणि जाड वाळू घ्या. मार्च ते जून मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू भरून त्यात झाडाची कुंडी बसवा आणि भोवती ओलं गोणपाट धरा. आपली हवा कोरडी आहे, त्यामुळे माठातलं पाणी जसं गार होतं तशी मुळंही गार राहतात. तरीही मे महिन्यात काही झाडं जातात. म्हणून फेब्रुवारीतच प्रत्येक जातीच्या तीन-चार छाट लावून ठेवा.

भुसावळला येणं झालं तर फेब्रुवारीत या. बोनस्टेटच्या छाट काढून ओल्या फडक्यात गुंडाळून देतो, अमळनेरपर्यंत सहज टिकतात.