एसईलिनक्स एनफोर्सिंग आहे, तरी आमची सेवा मोकळीच दिसते. तिला पॉलिसीत बांधायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉकी लिनक्स 9 वर पावत्यांच्या पीडीएफ बनवणारी तुमची स्वतःची सेवा सिस्टमडीखाली (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालते. एसईलिनक्स म्हणजे कोणत्या प्रोसेसने कशाला हात लावायचा हे पॉलिसीतल्या नियमांनी ठरवणारी लिनक्सची सुरक्षा. गेटएनफोर्स ही कमांड 'एनफोर्सिंग', म्हणजे अडवणूक चालू, असं सांगते, पण प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएसला कॅपिटल झेडचा फ्लॅग दिला की सेवेपुढे अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी हे लेबल दिसतं. मग ती बांधलेली आहे का?

नाही. एसईलिनक्सच्या दृष्टीने ती जवळजवळ मोकळी आहे. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी असते की एनफोर्सिंग म्हटलं की सगळं कुलूपबंद. पण रॉकीवरची टार्गेटेड पॉलिसी फक्त माहितीतल्या सेवांना बांधते: अपाची, पोस्टग्रेस, नेमसर्व्हर वगैरे. तुमच्या प्रोग्रॅमबद्दल तिला काहीच ठाऊक नाही, म्हणून सिस्टमडीने तो सुरू केला की तो या मोकळ्या डोमेनमध्ये जातो (डोमेन म्हणजे प्रोसेसचं लेबल, ज्यावरून तिला काय करता येईल ते ठरतं). उद्या पीडीएफ लायब्ररीत भोक सापडलं, तर हल्लेखोराला अडवायला उरतात फक्त नेहमीच्या मालकी-परवानग्या. सेवा रूट म्हणून चालत असेल तर त्याही नाहीत.

बांधल्याने काय फरक पडतो याचं फेब्रुवारी 2019 चं उदाहरण घ्या. कंटेनर (मशीनवर बाकीच्यांपासून वेगळा ठेवलेला प्रोग्रॅम) चालवणाऱ्या रनसीमधल्या त्रुटीमुळे (सीव्हीई-2019-5736) कंटेनरच्या आतला रूट बाहेरच्या मशीनवरची रनसीची फाइलच बदलू शकत होता. रेड हॅटच्या मशीनवर एसईलिनक्स एनफोर्सिंग असेल तर तो हल्ला तिथेच अडत होता, कारण कंटेनरच्या डोमेनला त्या लेबलच्या फाइलवर लिहायची मुभाच नव्हती. त्रुटी कोणाला ठाऊक नव्हती तेव्हाही तो नियम जागेवर होता. मला या सगळ्याचं महत्त्व वाटतं ते यासाठीच.

आता कामाचं. पॉलिसीकोअरयुटिल्स-डेव्हल हे पॅकेज टाका आणि 'सेपॉलिसी जनरेट' ही कमांड इनिट पर्यायासह, प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ देऊन चालवा. प्रोग्रॅमचं नाव पावती धरू. तुम्हाला नियमांची टीई फाइल, कोणत्या पाथला कोणतं लेबल हे सांगणारी एफसी फाइल आणि हे सगळं बांधून बसवणारी एक स्क्रिप्ट मिळेल. प्रोग्रॅमच्या फाइलला पावती_एक्झेक_टी हे लेबल लागतं, आणि सिस्टमडीने ती फाइल चालवली की प्रोसेस पावती_टी डोमेनमध्ये जाते. टीई फाइलमध्ये 'पर्मिसिव्ह पावती_टी' अशी ओळ आधीच असते. म्हणजे सध्या अडवणूक नाही, फक्त नोंद. बाकीचं मशीन एनफोर्सिंगच राहतं, त्यामुळे सेटएनफोर्स 0 करून अख्ख्या मशीनची अडवणूक थांबवायचं काही कारण नाही.

स्क्रिप्ट चालवा, सेवा रीस्टार्ट करा आणि तिच्याकडून सगळी कामं करून घ्या. सगळी म्हणजे महिनाअखेरचा मोठा अहवाल, लॉग रोटेट होणं, डेटाबेस बंद असताना येणारी एरर, सगळंच. मग ऑडिट लॉगमध्ये शोधणाऱ्या ऑसर्चने एव्हीसी नोंदी, म्हणजे एसईलिनक्सच्या नकारांच्या नोंदी, काढा.

इथे लोक घाई करतात. नोंदी उचलून त्यांवरून नियम लिहून देणाऱ्या ऑडिट2अलाऊला देतात आणि तो देईल ते नियम जसेच्या तसे बसवतात. हे करू नका. आधी प्रत्येक नोंद वाचा: कोणी मागितलं, काय करायला मागितलं, कोणत्या लेबलवर, आणि ते फाइल आहे की सॉकेट की आणखी काही.

समजा पीडीएफ तुम्ही थेट रूटखाली केलेल्या डेटा फोल्डरमध्ये ठेवता. नोंदीत डिफॉल्ट_टी वर लिहायला नकार दिसेल. ऑडिट2अलाऊ म्हणेल, पावती_टी ला डिफॉल्ट_टी वर लिहू द्या. पण हे लेबल ज्या पाथबद्दल पॉलिसीत काहीच लिहिलेलं नाही, अशा कोणत्याही फोल्डरला लागू शकतं, आणि तुम्ही त्या सगळ्यांचं दार उघडाल. चूक लेबलची आहे. त्या फोल्डरसाठी स्वतःचा टाइप (लेबलमधलं _टी ने संपणारं नाव) घोषित करा, एफसी फाइलमध्ये पाथ घाला आणि पॉलिसीप्रमाणे लेबल लावणारी रीस्टोरकॉन कमांड चालवा.

दुसरी नेहमीची नोंद म्हणजे डॅक_ओव्हरराइड. रूट म्हणून चालणारी सेवा अशी फाइल उघडू पाहते, जिच्या मालकी-परवानग्या तिला मुभा देत नाहीत. नियम घातला की नोंद गप्प होईल, पण सेवेला सगळ्या मालकी-परवानग्या ओलांडायची ताकद मिळेल. त्यापेक्षा फाइलची मालकी नीट करा, आणि जमलं तर सेवा रूटऐवजी साध्या युजरने चालवा.

डेटाबेसचं मात्र सोपं आहे. पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टला आधीच टाइप आहे आणि त्याला जोडायचा तयार इंटरफेस (नियमांचा तयार संच) पॉलिसीत मिळतो. फक्त तोच घाला, 'कोणत्याही पोर्टला जोडू दे' असला नियम नको.

सेवा अडतेय पण लॉगमध्ये काहीच नाही, असं झालं तर डोन्टऑडिट नियम नोंद दाबत असतील. पॉलिसीचे भाग बसवणाऱ्या सेमॉड्यूलला डीबी फ्लॅग देऊन ते तात्पुरते काढा, आणि काम झालं की नुसत्या बी फ्लॅगने परत आणा. सेवेच्या सिस्टमडी युनिट फाइलमध्ये नोन्यूप्रिव्हिलेजेस (प्रोसेसला नवे अधिकार मिळू न देणारी सेटिंग) चालू असेल तर पॉलिसीत त्याची वेगळी मुभा लागते, नाहीतर डोमेन बदलतच नाही.

नव्या नोंदी यायच्या थांबल्या की टीई फाइलमधली पर्मिसिव्हची ओळ काढा आणि मॉड्यूल (या फाइलींपासून बनणारा पॉलिसीचा भाग) पुन्हा बांधा. मग पॉलिसीतले नियम शोधणाऱ्या सेसर्चने पावती_टी ला काय काय करता येतं ते विचारा. शॅडो_टी (पासवर्डच्या फाइलचा टाइप) किंवा एसएसएचच्या किल्ल्यांच्या टाइपवर वाचायची मुभा दिसली, तर ती कोणत्या ओळीतून आली ते शोधून काढा.

एक मर्यादा सांगायलाच हवी. पावती_टी ला डेटाबेसशी बोलायची मुभा आहे, त्यामुळे तुमच्या क्वेरीत इंजेक्शनची चूक (बाहेरून आलेला मजकूर क्वेरीचाच भाग बनणं) असेल तर एसईलिनक्स ती पकडणार नाही. कोड तपासावाच लागेल.

उबुंटूवर असता तर गाठ अ‍ॅपआर्मरशी, तिथल्या अशाच यंत्रणेशी, पडली असती. तिथे नियम लेबलवर नाही, पाथवर चालतात. प्रोफाइल (एका प्रोग्रॅमचे नियम) कम्प्लेन मोडमध्ये, म्हणजे फक्त नोंद करत, लावून नंतर एनफोर्स करायची. शिकायला ते सोपं आहे, पण तुमच्या मशीनवर एसईलिनक्स आहे तर त्याच्यावरच वेळ घालवा.

डिप्लॉयची स्क्रिप्टही बघून घ्या. नवा प्रोग्रॅम होम फोल्डरमध्ये उतरवून एमव्हीने जागेवर नेला तर जुनं लेबल सोबत येतं, आणि सिस्टमडी 203/एक्झेक (फाइल चालवता आली नाही) म्हणून सेवा सुरूच करत नाही. मग रात्री कोणीतरी वैतागून एसईलिनक्सच बंद करतं. सीपी वापरा किंवा इन्स्टॉल कमांड, आणि शेवटी त्या पाथवर रीस्टोरकॉनची एक ओळ टाका.