आवडीवरून गाण्यांचा क्रम लावला तर त्याला परीक्षण म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की गेल्या 10 वर्षांतली तुम्हाला आवडलेली 100 पॉप गाणी क्रमाने लावून प्रत्येकावर चार ओळी लिहायच्या आहेत, पण तुम्ही संगीत शिकलेले नाही. मग 'ही तर नुसती तुमची आवड झाली' असं कुणी म्हटलं तर काय सांगायचं?

मी 11 वर्षं अशी यादी ठेवतेय आणि मीही संगीत शिकलेली नाही. आवडीवरूनच क्रम लावा, दुसरं काही कुणाच्याच हाताशी नसतं. फक्त ती आवड कुठून आली ते लपवू नका.

मोठमोठ्या याद्यांचंच बघा. 'रोलिंग स्टोन' मासिकाने 2004 साली आजवरच्या 500 सर्वोत्तम गाण्यांची यादी काढली. त्यात बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' पहिलं होतं आणि अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' पाचवं. 2021 साली त्याच मासिकाने नव्याने मतं घेतली, तर 'रिस्पेक्ट' पहिलं आलं आणि डिलन चौथ्यावर गेला. एक गाणं 1965चं, दुसरं 1967चं. मधल्या 17 वर्षांत दोन्हींतला एक सूरसुद्धा हलला नव्हता, मत देणारे बदलले होते. म्हणजे ती यादीही आवडच, फक्त पुष्कळ जणांची एकत्र केलेली. विक्री, रेडिओ आणि स्ट्रीमिंगचे आकडे मोजून लावलेली क्रमवारी तर वेगळीच गोष्ट सांगते: किती जणांनी ऐकलं. का ऐकलं, ते तिला ठाऊक नसतं.

त्याहून मला जास्त हलवून गेला तो एक प्रयोग. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी, 14 हजारांहून जास्त ऐकणारे. काहींना फक्त गाणी दिली. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय ते त्यांना दिसेल असं ठेवलं. कुणाचं काही न पाहता ऐकणाऱ्यांनी 26वं ठरवलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात 40वं! अगदी चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी वाईट क्वचितच वर आली, पण मधल्या सगळ्यांचं नशीब दुसऱ्यांच्या आकड्यांवर हेलकावे खात होतं. हे वाचल्यापासून मी पहिल्यांदा ऐकताना स्क्रीन उलटी ठेवते. व्ह्यूज नाहीत, कॉमेंट्स नाहीत, परीक्षण तर नाहीच. आपली आवड म्हणायची तर आधी ती आपली आहे ना, एवढं तरी बघायला हवं.

आता क्रम कसा लावायचा. दहापैकी गुण देऊ नका. पहिली दोन वर्षं मी दिले आणि अर्धी यादी साडेसातवर अडकली. त्यापेक्षा दोन-दोन गाणी समोरासमोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: आत्ता यातलं एकच पुन्हा ऐकता येणार असेल तर कुठलं? लावलेल्या 100 गाण्यांत नवं गाणं बसवायचं असेल तर आधी मधल्या गाण्याशी तुलना करा, मग उरलेल्या अर्ध्यातल्या मधल्याशी. असं करत गेलं की जास्तीत जास्त सात तुलनांत जागा सापडते. कधी गोल फिरायला होतं: पहिलं दुसऱ्याहून आवडतं, दुसरं तिसऱ्याहून आणि तिसरं पुन्हा पहिल्याहून. अशा वेळी मी थांबते, कारण दर जोडीत मी काहीतरी वेगळंच ऐकत असते, एकदा आवाज, एकदा ठेका, एकदा शब्द. ते कागदावर लिहिलं की बहुतेक वेळा गुंता सुटतो.

आणि दोन्ही गाणी सारख्याच मोठ्या आवाजात ऐका. जरासं मोठं वाजणारं गाणं कानाला जास्त भरलेलं लागतं आणि उगाच जिंकतं. बहुतेक ॲपमध्ये आवाजाची पातळी सारखी करायची सोय असते, ती चालू ठेवा.

घाईही करू नका. नुसतं पुन्हा पुन्हा समोर आलेलं आवडू लागतं, हे रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने 1968मध्येच दाखवलं होतं. पण त्यावरून 'सवयीने आवडलेलं खोटं' असं मी मानत नाही. तीन मिनिटांत तोच मुखडा चारदा आणायचा आणि चौथ्यांदा तो हवाहवासा वाटला पाहिजे, हीच तर पॉपची कारागिरी. मी एवढंच करते की गाणं सहा आठवडे बाजूला ठेवते आणि मग परत लावते. जे तेव्हाही माझा हात थांबवतं ते वर जातं.

लिहिताना सेकंद लिहा. 'सुंदर आवाज, छान चाल' असं मी एका गाण्याबद्दल लिहिलं होतं, ते कुठल्याही गाण्याला चाललं असतं. परत ऐकायला बसले आणि वहीत नोंद केली: 2:41. तिथे शेवटच्या मुखड्याआधी ड्रम एकदम थांबतात, खाली फक्त बास उरतो. आधी तीन वेळा ती गायिका ओळीचा शेवटचा शब्द वर उचलते, इथे मात्र तो अर्ध्यावर सोडून देते आणि तिने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. मला त्या श्वासासाठी ते गाणं आवडतं. एवढं लिहिलं की वाचणारा तिथे जाऊन स्वतः ऐकू शकतो आणि नाही पटलं तर नेमकं काय पटलं नाही ते सांगू शकतो. संगीताची परिभाषा येत नसली तरी हे कुणालाही लिहिता येतं.

राहिला आठवणींचा प्रश्न. बाबा आजारी होते त्या महिन्यात मी रात्री त्यांच्या उशाशी बसायचे. एका कानात हेडफोन, दुसरा कान त्यांच्याकडे. एकच गाणं लावायचे. वर्षअखेरीस मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं आणि त्याच्या बांधीव चालीबद्दल, नितळ ध्वनिमुद्रणाबद्दल मोठा परिच्छेद लिहिला. एका वाचकाने कळवलं की दोनदा ऐकलं, तुम्ही म्हणता तसं काहीच सापडलं नाही. त्याचं बरोबर होतं. ती कारणं माझी नव्हतीच, परीक्षणात शोभतील म्हणून घेतलेली होती.

मी ते सगळं खोडलं आणि जे होतं ते लिहिलं: या गाण्याचा ठेका फार संथ आहे, दोन ठोक्यांमधली जागा मोठी आहे आणि त्या जागेत मला बाबांचा श्वास ऐकू यायचा. क्रमांक दुसराच ठेवला. काही दिवसांनी त्याच वाचकाचं उत्तर आलं. गाणं त्याच्या यादीत अजूनही बसत नव्हतं, पण ती जागा आता ऐकू येते, म्हणाला.

तुम्ही 100वर एकदम जाऊ नका, 20 लावून बघा. आणि पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं की त्यातला सेकंद इथे नक्की लिहा, मी आधी गाणं ऐकेन आणि मग तुमच्या चार ओळी वाचेन.