तंबोऱ्याची दांडी गळ्यापासून (दांडी आणि भोपळा जोडणाऱ्या भागापासून) सुटली आहे. घरीच फेविकॉलने चिकटवली तर चालेल का?

चिकटेल, पण लावू नका.

जुन्या तंबोऱ्याचे सांधे बहुधा सरसाचे असतात. कातडी-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा मऊ पडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तंबोरा ठेवला की सांधा सुटतो तो यामुळेच, आणि कारागिराला भोपळा न फोडता सांधा उघडता येतो तोही यामुळेच. शिवाय नवा सरस जुन्या सरसावर छान धरतो. फेविकॉल त्या थरावर नीट धरत नाही, तारांच्या सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि एकदा लाकडात मुरला की पुढे तिथे सरस पकडत नाही. आरल्डाइट त्याहून वाईट, कारण पुढच्या वेळी सांध्याऐवजी लाकूडच फाटतं. खिळा-स्क्रूचं तर नावच काढू नका.

आधी तारा उतरवा. आतल्या बाजूला कोमट पाण्याचा थेंब टेकवून बघा. थर चिकट झाला तर सरसच आहे. हे पाणी पॉलिशवर येऊ देऊ नका, लाखेचं पॉलिश पांढरं पडतं. सुटे कण पुसून घ्या, पण पॉलिश पेपरने लाकूड घासू नका. घासलं की फट वाढते, आणि सरस फट भरून काढत नाही. कोरडाच सांधा बसवून पाहा. मधून उजेड दिसत असेल तर तिथे लाकडाची पातळ पट्टी बसवावी लागेल, ते काम कारागिराचं.

सरसाचे खडे रात्रभर गार पाण्यात भिजवा. मग वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवा. उकळला तर त्याची ताकद जाते. थंड होताच तो गोठतो, म्हणून दोन्ही बाजू हेअर ड्रायरने कोमट करून घ्या आणि लावल्यावर वेळ घालवू नका. गोल भोपळ्यावर क्लॅम्प बसत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा.

दोन दिवस हात लावू नका. तबलीही (भोपळ्यावरची लाकडी फळी) उचलली असेल तर मात्र सरळ मिरजेला, तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांकडे न्या.

तारा चढवताना सूर एकदम गाठू नका, रोज थोडा ताण वाढवा. दांडीचा कल केसभर जरी बदलला तरी घोडीवर (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर) तारा वेगळ्या टेकतात आणि जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, बिघडल्यासारखी वाटते. लगेच कानस घेऊन बसू नका; ताण स्थिरावल्यावरच घोडी घासून जवारी नीट करून घ्या.