मॉर्फिनचा चार्ट हातात आला ती तारीख

तुमचं पत्र थोडक्यात असं: आईला स्तनाचा कर्करोग, हाडांत पसरलेला. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या फाइलप्रमाणे दर चार तासांनी मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची 10 मिलिग्रॅमची गोळी सुरू होती. 17 एप्रिल 2021 ला कोविडमुळे नागपुरातच एका खासगी रुग्णालयात भरती, 23 ला व्हेंटिलेटर, 26 ला मृत्यू. घरच्यांना आत सोडलं नाही. कागदपत्रांसाठी 12 जानेवारी 2024 ला अर्ज केला, ती 9 ऑगस्टला मिळाली. औषधांच्या चार्टवर मॉर्फिन कुठेच नाही, नुसतं पॅरासिटामॉल. तक्रार करता येईल का?

रुग्णालयाची चूक होती की नाही, हा प्रश्न नंतरचा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 प्रमाणे तक्रारीची मुदत दोन वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने 28 फेब्रुवारी 2022 पर्यंतचा कोविडकाळ मुदतीतून वगळला. म्हणजे मृत्यूपासून मोजलं तर तुमची दोन वर्षं 1 मार्च 2022 ला सुरू झाली आणि 29 फेब्रुवारी 2024 ला संपली. 2023 मध्ये वकिलाची नोटीस पाठवून तुम्ही उत्तराची वाट पाहत बसलात. नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मेडिकल कौन्सिलकडच्या तक्रारीनेही नाही.

तरीही एक वाट उरते. चूक तेव्हा कळणं शक्यच नसेल, तर ती कळली त्या दिवसापासून मुदत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या श्रीखंडे प्रकरणात मानलं आहे. (मात्र त्या प्रकरणातली रुग्ण नऊ वर्षं गप्प बसली म्हणून हरली, हेही ध्यानात ठेवा.) आयसीयूत तुम्हाला प्रवेश नव्हता, औषधं बंद झाल्याचं चार्टवरूनच कळलं. 9 ऑगस्ट 2024 पासून मोजलं तर 8 ऑगस्ट 2026 पर्यंत वेळ मिळतो. शिवाय अर्ज मिळाल्यावर 72 तासांत कागदपत्रं देणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे बंधनकारक होतं; रुग्णालयाने सात महिने लावले. तुमचा अर्ज मूळ मुदतीच्या आत होता आणि नोंदी जपण्याच्या तीन वर्षांच्याही आत. हे नशीबच म्हणायचं, कारण त्याआधीची तुमची तोंडी मागणी कुणी विचारातही घेणार नाही.

पण 9 ऑगस्ट ही तारीख सिद्ध कशी करणार? अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला नाही, कव्हरिंग लेटर सापडत नाही. तीन पानांच्या पत्रात ही दोन वाक्यं सर्वांत महाग आहेत. झेरॉक्सचे पैसे भरल्याची पावती शोधा, तिच्यावर तारीख असते. ऑनलाइन भरले असतील तर बँकेचा उतारा काढा. तेही नसेल तर रुग्णालयाला स्पीड पोस्टने पत्र लिहून आवक-जावक नोंदीची प्रत मागा. तक्रारीसोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडाच; ग्राहक आयोगाने 9 ऑगस्ट मान्य केली नाही, तर निदान तो आधार राहील. ‘मानसिक धक्क्यात होतो’ एवढं कारण पुरत नाही, त्याला कागद लागतो.

चार्ट पुन्हा नीट वाचा. 23 तारखेपासून फेन्टॅनिलचं ड्रिप लावलेलं असेल, तर ते वेदनाशामकच आहे आणि तुमची तक्रार पहिल्या सहा दिवसांपुरती उरते. नसेल, तर ‘मॉर्फिनने श्वास मंदावतो’ हा बचाव व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाबाबत टिकणं अवघड. नियमित घेतलेलं मॉर्फिन एकाएकी बंद केल्यावर वेदना उसळतात, अंग थरथरतं, घाम फुटतो, जुलाब होतात. नर्सिंग नोट्समध्ये यांच्या खुणा शोधा आणि तुकडोजीच्या फाइलसह पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात वेदना कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांचं लेखी मत घ्या. ‘आमच्याकडे मॉर्फिनचा साठाच नव्हता’ असंही सांगतील. मग दुसरीकडून मागवलं किंवा तसं घरच्यांना कळवलं, याची नोंद कुठे आहे, हे विचारा.

व्हेंटिलेटर नको होता, या मुद्द्यावर जोर देऊ नका. आईची लेखी इच्छा नाही आणि 2021 मध्ये अशा इच्छापत्राला न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची.

बिल 3 लाख 40 हजारांचं असल्यामुळे तक्रार जिल्हा आयोगात जाईल, शुल्क लागणार नाही. वडील आणि भाऊ यांनाही वारस म्हणून तक्रारदार करा. निकाल तीन ते पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. सिव्हिल लाइन्समधल्या आयोगात खेटे घालणारा कुणीही यावर हसेल. रुग्णालयाला उत्तरासाठी मात्र 30 आणि वाढीव 15 दिवसच मिळतात. त्यापुढे ते वेळ मागू लागले, तर तिथल्या तिथे हरकत घ्या.